ग्लासगोचा सामाईक जिना

परदेशांतील एखादें शहर पाहून आलेला मनुष्य भेटला म्हणजे आपण त्याला पहिला प्रश्न विचारतों, "काय काय पाहिलेंत?" आणि तोहि राजवाडे, पुतळे, प्रार्थनामंदिरें, संग्रहालयें यांची यादी घडाघडा म्हणून दाखवितो. त्या यादींत खोटें कांहीं नसतें. परंतु तेथले लोक सकाळीं पाव कोठून आणतात, धुतलेले कपडे कोठें वाळत घालतात, जिना कोण झाडतो, छप्पर गळूं लागलें तर खर्च कोणी करावयाचा, असें विचारलें तर तो बहुधा गप्प बसतो. या गोष्टी मोटारींतून दिसत नाहींत आणि प्रवाशांच्या पुस्तकांत छापलेल्याहि नसतात. त्या पाहावयाच्या तर मनुष्यानें आपले दोन पायच वापरले पाहिजेत.

स्कॉटलंडमधील ग्लासगो या शहरांत कांहीं महिने राहण्याचा योग मला आला. रोज दोन-तीन तास पायीं हिंडणें एवढाच माझा तेथला उद्योग होता. त्या हिंडण्यांत दिसलेल्या लोकजीवनाविषयीं, आणि विशेषेंकरून तेथल्या घरांविषयीं, आज मी आपणांशीं बोलणार आहें. घरांविषयीं अशासाठीं कीं, जुन्या, दाटीच्या, सामाईक जिन्याच्या घरांचें काय करावें हा प्रश्न त्या शहराला अनेक वर्षें छळीत होता. आणि आज तोच प्रश्न मुंबईच्या चाळींपुढें उभा आहे.

प्रथम शहराची थोडी ओळख करून देतों. ग्लासगो हें स्कॉटलंडमधील सर्वांत मोठें शहर. क्लाइड नदीच्या दोन्ही तीरांवर तें पसरलें आहे. हिमयुगांतील बर्फानें मागें ठेवलेल्या मातीच्या टेकाडांवर त्याची वस्ती असल्यामुळें नकाशांत सरळ दिसणारा रस्ता प्रत्यक्षांत चढ-उतारांनीं पायांची परीक्षा पाहतो. अठराव्या शतकांत तंबाखूच्या व्यापारानें, आणि पुढें कापूस, लोखंड, आगगाडीचीं इंजिनें व जहाजें यांच्या धंद्यानें हें शहर श्रीमंत झालें. १९५१ च्या शिरगणतींत तेथें जवळजवळ ११ लाख माणसें होतीं. आज तीं सव्वासहा लाखांच्या आसपास आहेत. पाऊस म्हणाल तर मुंबईच्या साधारण निम्मा. परंतु मुंबईचा पाऊस चार महिन्यांत आपलें काम उरकून जातो. तेथला बारा महिने थोडथोड्या हप्त्यांनीं फेडला जातो. उन्हाळ्यांत रात्रीं दहापर्यंत उजेड, तर डिसेंबरांत दुपारीं चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळलेला. अशा ठिकाणीं 'पाऊस थांबला म्हणजे बाहेर पडूं' असें म्हणणाऱ्याला शहर दिसावयाचेंच नाहीं. छत्री घ्यावी आणि निघावें.

चालणाऱ्याला पहिली मदत होते ती रस्त्यांच्या नांवांची. शहराच्या मध्यभागीं व्हर्जीनिया स्ट्रीट आहे, जमेका स्ट्रीट आहे. ब्युकॅनन, ग्लासफर्ड, इंग्रॅम हीं व्यापाऱ्यांचीं नांवें धारण करणारे रस्ते आहेत. व्हर्जीनियांतील तंबाखू आणि वेस्ट इंडीजमधील साखर पिकविणारे हात गुलामांचे होते, आणि त्या धनावर हे रस्ते उभे राहिले. दोनशें वर्षें या पाट्या लोकांनीं विचार न करतां वाचल्या. अखेर २०२२ सालीं ग्लासगोच्या नगरसभेनें गुलामगिरींतील शहराच्या वांट्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. एखाद्या गांवाचा इतिहास शिकावयाचा तर त्याच्या रस्त्यांच्या पाट्या सावकाश वाचीत जाव्या, असें मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असें. तें ग्लासगोंत मला फार पटलें.

दुसरी मदत होते भाषेची. पुस्तकी इंग्रजी शिकून गेलेल्या मनुष्याला तेथली बोली पहिले आठ दिवस मुळींच कळत नाहीं. लहान मुलाला ते 'वेन' म्हणतात. बाजारहाट करावयास जाणें याला 'मेसेजेस'ला जाणें म्हणतात. पांढऱ्या केसांच्या मनुष्यालाहि दुकानदार 'पाल', म्हणजे 'दोस्ता', अशी हांक मारतो; आपल्याकडील गुरुजींना ही हांक अंगवळणीं पडावयास जरा वेळ लागतो. बसमधून उतरतांना जवळजवळ प्रत्येक उतारू चालकाचे आभार मानून उतरतो. पण मला सर्वांत गंमत वाटली ती एका साध्या प्रश्नाची. आपण कोठें राहतां, हें विचारतांना इंग्लंडमधील मनुष्य 'लिव्ह' हें क्रियापद वापरतो. ग्लासगोचा मनुष्य 'स्टे' म्हणतो. आपण मराठींत चार दिवसांच्या मुक्कामालाहि 'राहणें' म्हणतों आणि जन्मभराच्या वास्तव्यालाहि 'राहणें'च म्हणतों. त्यामुळें हा प्रश्न ऐकून मला क्षणभर आपल्याच गांवीं आल्यासारखें वाटलें.

आतां त्या राहण्याकडे, म्हणजे घरांकडे वळूं. ग्लासगोंतील बहुसंख्य जुनीं घरें 'टेनेमेंट' या जातीचीं आहेत. तीन किंवा चार मजल्यांच्या दगडी इमारतींची एकसंध रांग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असते. आधींच्या काळांतील दगड पिवळसर आहे. तो शहराच्या आसपासच्या खाणींतून येई. त्या खाणी संपत आल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आगगाडीनें दक्षिणेकडून तांबडा दगड येऊं लागला. त्यामुळें इमारतीचा रंग पाहून ती साधारण केव्हां बांधली असावी, याचा अंदाज चालणाऱ्याला करतां येतो. रस्त्यावरून आंत जाण्याचा जो बोळ, त्याला 'क्लोज' म्हणतात. त्या बोळांतूनच दगडी जिना वर जातो. प्रत्येक मजल्यावर दोन किंवा तीन बिऱ्हाडांचीं दारें. आणि बोळ तसाच पुढें गेला कीं मागचें परसू. सुस्थितींतील लोकांच्या बोळांच्या भिंतींना चकचकीत रंगीत फरशा लावलेल्या असत. अशा बोळाला 'वॉली क्लोज' म्हणत, आणि त्या फरशा असणें वा नसणें यावरून कुटुंबाची पायरी ठरे. म्हणजे जातां येतां नजर टाकली कीं माणसाचा पगार कळावयाचा!

गरिबांच्या इमारतींत मात्र एकच खोली हेंच सबंध घर असे. त्याला 'सिंगल एंड' हें नांव होतें. त्याच खोलींत चूल, त्याच खोलींत भिंतींतील कोनाड्यांत बसविलेला पलंग; त्यावर मोठीं माणसें आणि लहान मुलें कशींबशीं मावत. शौचकूप जिन्याच्या अर्ध्या वळणावर, दोन-तीन किंवा त्याहून अधिक कुटुंबांत मिळून एक. ज्यांना मुंबईच्या चाळीची एक खोली आणि मजल्याच्या टोकाचे सामाईक संडास ठाऊक आहेत, त्यांना हें चित्र अधिक समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

हा जिना सामाईक, म्हणून त्याची स्वच्छताहि सामाईक. प्रत्येक मजल्यावरील गृहिणींनीं आळीपाळीनें आपला जिना धुवावयाचा, असा नियम असे. ज्या घरची पाळी असेल त्याच्या दाराच्या मुठीला एक लहानशी पाटी अडकविलेली असे. पायऱ्या धुऊन झाल्यावर पांढऱ्या मातीनें त्यांच्या कडांना वेलबुट्टी काढण्याची पद्धत होती. ही हकीकत ऐकली तेव्हां मला आपल्या रांगोळीची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. दाराबाहेरची जागा माझ्या एकट्याची नाहीं, तरीहि ती मी सुंदर ठेवीन, ही भावना दोन्हीकडे सारखीच आहे.

एका मध्यमवर्गीय बिऱ्हाडाचें असें घर ग्लासगोंत जसेंच्या तसें पाहावयास मिळतें. गार्नेटहिल या टेकाडावर ब्यूक्लू स्ट्रीटमध्यें १८९२ सालीं बांधलेली एक इमारत आहे. तिच्यांत अ‍ॅग्नेस टोवर्ड या नांवाची लघुलेखनाचें काम करणारी बाई १९११ पासून १९६५ पर्यंत राहिली. आरंभीं आईबरोबर, आणि आईच्या पश्चात् एकटी. तिला जुनें कांहीं टाकून देण्याची संवय नव्हती. पावत्या, पत्रें, औषधाच्या बाटल्या, सारें तिनें ठेवलें. पुढें १९८२ मध्यें स्कॉटलंडच्या राष्ट्रीय वारसा-संस्थेनें तें घर घेतलें. गॅसचे दिवे, स्वयंपाकघरांतील काळी लोखंडी चूल, कोनाड्यांतला पलंग, सर्व तेथें आहे. राजाचा मुकुट ज्या आदरानें जपतात त्या आदरानें एका टंकलेखिकेची किराणा मालाची पावती जपलेली पाहून, इतिहास कोणाचा असतो याविषयींची आपली कल्पना थोडी हलते.

कपडे वाळविण्याचा प्रश्न मघाशीं मीं उगीच काढला नव्हता. पावसाच्या गांवीं तो मोठाच प्रश्न आहे. पूर्वीं इमारतींच्या मागच्या परसांत धुण्याची सामाईक खोली असे आणि तेथेंहि पाळी लावलेली असे. याशिवाय नगरसभेनें सार्वजनिक धुलाईघरें बांधलीं होतीं. गरम पाण्याच्या वाफेनें भरलेल्या त्या जागेला लोक 'स्टीमी' म्हणत. जुन्या बाबागाडींत धुण्याचें बोचकें घालून बायका तेथें जात; कपड्यांबरोबर साऱ्या आळीच्या बातम्याहि तेथें धुतल्या जात. आपल्याकडील पाणवठ्याचेंच हें वाफेचें रूप! नदीकांठच्या 'ग्लासगो ग्रीन' या मोठ्या मैदानावर कपडे वाळविण्यासाठीं रोवलेले लोखंडी खांब आजहि उभे आहेत. दोऱ्या नाहींत, कपडे नाहींत. खांब मात्र कोणी उपटले नाहींत.

हें मैदान पंधराव्या शतकापासून लोकांच्या वापरांत आहे. त्यावर एक शिलालेखाचा दगड आहे. १७६५ सालीं एका रविवारीं जेम्स वॅट या मैदानांतून पायीं फिरत असतां, वाफ निराळ्या पात्रांत थंड करावी ही कल्पना त्याला सुचली आणि वाफेच्या यंत्राचें रूप पालटलें. चालणाऱ्याचें डोकें चालतें, याला याहून चांगला पुरावा मी देऊं शकत नाहीं. जवळच 'पीपल्स पॅलेस' म्हणजे लोकांचा राजवाडा या नांवाची वास्तु आहे. ती १८९८ सालीं पूर्वेकडील कामकरी वस्तीसाठीं उघडण्यांत आली. समोर व्हेनिसच्या राजवाड्याच्या धर्तीवर बांधलेली गालिच्याच्या कारखान्याची रंगीबेरंगी इमारत आहे. ती पाहून प्रवासी वाहवा करतात. पण १८८९ सालीं बांधकाम चालूं असतां तिची भिंत शेजारच्या विणकामाच्या छपरांवर कोसळून २९ स्त्रिया व मुली ठार झाल्या, हें तेथें थांबून चौकशी केल्यावांचून कळत नाहीं.

ग्लासगोच्या उत्तरेला स्प्रिंगबर्न ही वस्ती आहे. तेथें नुसतें फिरतांना मला आपल्या देशाची आठवण होई. १९०३ सालीं तीन कारखाने एकत्र होऊन निघालेल्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीनें हिंदुस्थानांतील रेल्वेंना शेंकडों इंजिनें पुरविलीं. तयार झालेलें इंजिन शहरांतील रस्त्यांवरून ओढीत नदीवर आणीत आणि प्रचंड यारीनें उचलून जहाजांत ठेवीत. फिनिस्टन येथील ती यारी आजहि नदीकांठीं उभी आहे. कंपनी १९६२ मध्यें बुडाली. ज्या गाड्यांनीं आपल्या वाडवडिलांना पंढरीला आणि काशीला नेलें, त्यांतल्या कित्येकांचीं चाकें या टेकडीवरच्या एखाद्या 'सिंगल एंड'मध्यें राहणाऱ्या कामगारानें घडविलेलीं असतील!

या सामाईक जिन्याचें सामर्थ्य काय असतें, तें १९१५ मध्यें दिसून आलें. पहिलें महायुद्ध चालूं होतें. नदीच्या दक्षिणेस गोवन भागांतील गोद्यांत आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करावयास हजारों कामगार आले. घरें तेवढींच, म्हणून मालकांनीं भाडीं वाढविलीं. पुरुष लढाईवर गेलेले, आणि घरीं भाडेंवाढीची नोटीस. तेव्हां मेरी बार्बर या गृहिणीच्या पुढाकारानें बायकांनीं ठरविलें कीं, वाढीव भाडें द्यावयाचें नाहीं. बेलीफ आला कीं बोळाच्या तोंडाशीं बसलेली बाई घंटा वाजवी. घंटा ऐकतांच साऱ्या जिन्यांवरून बायका खालीं येत, आणि त्याच्यावर पिठाचा मारा करून त्याला परतवीत. १७ नोव्हेंबर १९१५ रोजीं भाडेकऱ्यांवर कोर्टांत खटले होते. त्या दिवशीं गोद्यांतील कामगार काम टाकून हजारोंच्या संख्येनें कोर्टावर चालून गेले. खटले मागें घेतले गेले, आणि वर्ष संपण्यापूर्वीं पार्लमेंटनें युद्धकाळांत भाडीं गोठविणारा कायदा केला. मुंबई इलाख्यांतहि १९१८ मध्यें युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, हें येथें आपण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. गोवनच्या चौकांत २०१८ पासून मेरी बार्बरचा पुतळा आहे. ती एकटी उभी नाहीं. तिच्या मागें सारी आळी चालत आहे, असें शिल्पकारानें दाखविलें आहे.

परंतु, श्रोतेहो, एकीचें कौतुक करतांना घाणीचें कौतुक होऊं देतां कामा नये. या घरांत क्षय होता, गोवर होता, बालमृत्यु होते. १९१७ मध्यें स्कॉटलंडच्या कामगार वस्तीची चौकशी करणाऱ्या शाही मंडळानें अत्यंत विदारक अहवाल दिला. तेव्हां हीं घरें सुधारलीं पाहिजेत याविषयीं दुमत असण्याचें कारण नव्हतें. प्रश्न होता तो कशीं सुधारावयाचीं हा. दुसऱ्या महायुद्धानंतर याचें उत्तर अधिकाऱ्यांनीं नकाशावर शोधिलें. १९५७ मध्यें शहरांतील २९ विभाग सर्वंकष पुनर्रचनेसाठीं नेमले गेले. गल्ल्याच्या गल्ल्या जमीनदोस्त झाल्या; मोटारींसाठीं रुंद रस्ता शहराच्या मध्यांतून कापीत गेला. कांहीं लोक शहराच्या कडेला नव्या वसाहतींत गेले. तेथें घरांत न्हाणीघर होतें, शौचकूप होतें, मोकळी हवा होती. परंतु दुकानें थोडीं, करमणुकीचें साधन नाहीं, आणि शहरांत यावयाचें तर बसचें भाडें. कांहीं लोक गगनचुंबी इमारतींत गेले. रेड रोड येथील आठ इमारती १९६९ पर्यंत पुऱ्या झाल्या; सर्वांत उंच एकतीस मजल्यांच्या होत्या.

आरंभीं लोक आनंदित होते, आणि त्यांत कांहीं चूक नव्हतें. ज्या बाईनें वीस वर्षें अर्ध्या जिन्यावर रांग लावली, तिला आपल्या घरांतल्या नळाची किंमत दुसऱ्यानें सांगावयास नको. पण हळूहळू ओल आली, उद्वाहक बंद पडूं लागले, आणि शेजारी कोण हें कळेनासें झालें. पूर्वीं परसांत खेळणारें मूल खालून हांक मारी, आणि आई खिडकींतून मुरंबा लावलेला पाव कागदांत गुंडाळून खालीं टाकी. विसाव्या मजल्यावरून तो टाकणार कसा? या अडचणीवर ग्लासगोंत एक विनोदी गाणेंच झालें आणि तें घरोघरीं गेलें. लोक हंसत हंसत तें गात. पण अधिकाऱ्यांच्या नकाशांत जी गोष्ट सुटली होती ती त्या गाण्यानें नेमकी पकडली होती. आईला मूल दिसणें आणि मुलाला आई ऐकूं येणें, हें अंतर कोणत्याहि आराखड्यांत मोजलेलें नव्हतें. अखेर त्या रेड रोडच्या इमारतीहि पाडाव्या लागल्या. शेवटच्या २०१५ मध्यें गेल्या. जीं दगडी घरें जुनीं म्हणून पाडलीं त्यांच्या बरोबरीचीं घरें शंभर वर्षांहून अधिक काळ उभीं आहेत. त्यांच्या जागीं आलेल्यांतलीं कित्येक पन्नास वर्षेंहि टिकलीं नाहींत.

मग बाकीचीं दगडी घरें वांचलीं कशीं? १९७० नंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत याच गोवनमध्यें एक निराळा प्रयोग झाला. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठांतील वास्तुशास्त्राच्या कांहीं तरुण मंडळींनीं रहिवाशांत बसूनच काम आरंभिलें. घर पाडावयाचें नाहीं. माणसें हलवावयाचीं नाहींत, हलवावीं लागलींच तर थोड्या दिवसांपुरतीं. पूर्वीचा तो भिंतींतला पलंगाचा कोनाडा होता ना, त्या जागींच प्रत्येक घराला न्हाणीघर बसविलें. छप्परें नीट केलीं. रहिवाशांनीं आपल्या मंडळ्या स्थापन केल्या. त्या मंडळ्यांत तेथलींच माणसें बसत आणि वास्तुशिल्पज्ञ त्यांचे नोकर असत. १९७४ च्या कायद्यानें अशा मंडळ्यांना सरकारी पैसा मिळूं लागला आणि त्या शहरभर पसरल्या. भिंतींवरचा धुराचा काळा थर धुतला गेला, तेव्हां खालचा मधाळ आणि तांबडा दगड पाहून ग्लासगोचे लोक स्वतःच चकित झाले. आपलें शहर मुळांत काळें नाहीं, हेंच त्यांना ठाऊक नव्हतें!

हा विचार स्कॉटलंडमध्यें अगदींच नवा नव्हता, आणि आपल्यालाहि तो परका नाहीं. पॅट्रिक गेडिस हा स्कॉट विद्वान एडिंबरोच्या जुन्या, पडक्या वस्तींत मुद्दाम जाऊन राहिला होता. तो १९१४ मध्यें हिंदुस्थानांत आला, आणि १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा अध्यापक होता. आपल्याकडील अनेक शहरांचे अहवाल त्यानें लिहिले. त्याची पद्धत अशी कीं, आधीं गल्लीगल्लींतून पायीं हिंडावें, विहीर कोठें, पार कोठें, पडकें घर कोठें हें पाहावें, आणि मग शक्य तेवढें कमी पाडून हवा व उजेड आणावा. निष्णात वैद्य जसा सडलेला तेवढाच भाग कापतो आणि बाकीचें शरीर जपतो, तसें नगराचें करावें, हें त्याचें म्हणणें. तें म्हणणें आपण फारसें ऐकलें नाहीं. ग्लासगोनेंहि बराच काळ ऐकलें नाहीं, आणि त्याची किंमत मोजली.

आतां त्या जिन्याचें आजचें रूप सांगतों. पूर्वीं पाळीची पाटी असे. आज पुष्कळ ठिकाणीं 'फॅक्टर' म्हणून व्यवस्थापक नेमलेला असतो, आणि झाडलोट, दुरुस्ती यांचा खर्च तो सर्वांत वांटून घेतो. २००४ सालीं स्कॉटलंडच्या विधिमंडळानें टेनेमेंटचा स्वतंत्र कायदा केला. घराच्या कागदपत्रांत निराळें ठरलेलें नसेल तेथें तो लागू होतो. छप्पर, पाया, बाहेरच्या भिंती हीं सर्वांच्या जबाबदारींत येतात; दर बिऱ्हाडाला एक मत; आणि बहुमतानें दुरुस्ती ठरली तर ती सर्वांना बंधनकारक. म्हणजे छप्पर गळलें तर 'तें वरच्या मजल्याचें दुखणें' असें म्हणून तळमजल्याच्या मालकाला हात झटकतां येत नाहींत. भांडणें होतात, वर्गणी थकते, सभेला कोणी येत नाहीं. आपल्या सोसायट्यांच्या सभासदांना हें सांगावयास नको. तरी सामाईक वस्तु जपावयाची तर तिला नियम लागतो, नुसता जिव्हाळा पुरत नाहीं, हा धडा मला महत्त्वाचा वाटला.

मात्र नुसता नियमहि पुरत नाहीं. दक्षिणेकडील पोलकशील्ड्स या भागांत पाकिस्तान आणि पंजाबांतून आलेल्या कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. भाजीच्या दुकानांत कोथिंबीर, भेंडी, आंबे सर्व कांहीं मिळतें. तेथल्या केनमूर स्ट्रीटवर १३ मे २०२१ रोजीं, ईदच्या दिवशीं सकाळीं, परदेशी रहिवाशांच्या कागदपत्रांच्या बाबतींत सरकारी अधिकारी आले आणि दोन हिंदी माणसांना त्यांनीं गाडींत बसविलें. एक मनुष्य त्या गाडीखालींच जाऊन पडला. मग जिन्याजिन्यांतून शेजारी उतरले. बघतां बघतां शेंकडों लोक गाडीभोवतीं बसले. त्यांत गोरे होते, काळे होते, मुसलमान होते, शीख होते. कोणी पाणी आणलें, कोणी खावयास आणलें. सुमारें आठ तासांनीं पोलिसांनीं त्या दोघांना सोडून दिलें. कायदा काय म्हणतो याविषयीं मतभेद असूं शकेल. मी तो रस्ता पुढें दोन-तीन वेळां चाललों. दोन्ही बाजूंना तींच दगडी घरें, तेच बोळ, तेच जिने. १९१५ मधील घंटेची आणि या दिवसाची जातकुळी एकच आहे, असें मला तेथें चालतांना वाटलें.

आपल्याकडे वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी शंभर वर्षांच्या झाल्या. एका खोलीचा संसार आणि सामाईक संडास यांत त्यांनीं चार पिढ्या पोसल्या. आतां त्या जागीं उंच इमारती होत आहेत. २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या कांहीं रहिवाशांना पांचशें चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मला मनापासून आनंद वाटतो. घरांत स्वतःचें न्हाणीघर असणें ही चैन नव्हे, ती माणुसकी आहे. परंतु ग्लासगोच्या अनुभवावरून दोन-तीन प्रश्न विचारून ठेवावेसे वाटतात. उद्वाहक बंद पडला तर तो दुरुस्त करण्याचा खर्च कोणी, कशांतून करावयाचा? गॅलरी गेली, तिच्या जागीं माणसें एकमेकांना सहज दिसतील अशी कोणती जागा ठेविली आहे? गणपति बसावयाचा कोठें, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचें दार दोन दिवस उघडलें नाहीं हें कोणाच्या लक्षांत यावयाचें? हे प्रश्न भावनेचे नाहींत, बांधकामाचे आहेत. नकाशा काढण्यापूर्वीं ते विचारले तर त्यांचीं उत्तरें स्वस्तांत मिळतात. इमारत उभी राहिल्यावर तीं फार महाग पडतात, आणि कधीं कधीं सुरुंग लावून द्यावीं लागतात.

शेवटीं, ज्यांना परशहरीं जाण्याचा योग येईल त्यांच्यासाठीं थोडेंसें सांगतों. ग्लासगोंत १८९६ सालीं सुरू झालेली भुयारी आगगाडी आहे. पंधरा स्थानकांचा तो एक वाटोळा फेरा आहे. त्यामुळें कोणी चुकून पुढें गेला तरी गाडी त्याला पुन्हां त्याच स्थानकावर आणून सोडते. रोज एका निराळ्या स्थानकावर उतरावें आणि तेथून पायीं निघावें. शाळा सुटण्याच्या वेळीं हिंडावें, म्हणजे आईबाप कसे बोलतात तें ऐकूं येतें. शनिवार-रविवारीं पूर्वेकडील 'बॅरस'च्या जुन्या बाजारांत जावें. हातगाड्यांवरून तो वाढला म्हणून त्याचें नांव हातगाडीवरूनच पडलें आहे. पावसाचा जोर झाला तर मिचेल ग्रंथालयांत बसावें. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या देणगीनें १८७७ मध्यें तें सुरू झालें, आणि तेथें कोणालाहि मज्जाव नाहीं. गोवनहून पलीकडच्या पार्टिकला जावयाचें तर २०२४ मध्यें क्लाइडवर झालेल्या नव्या पुलावरून जावें. तो केवळ पायीं आणि सायकलीनें जाणाऱ्यांसाठीं आहे. ज्या शहरानें एके काळीं मोटारींसाठीं स्वतःचें पोट चिरलें, त्यानें पाऊलवाटेसाठीं नदीवर पूल बांधावा, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि ज्यांना परदेशीं जाण्याचा योग येणार नाहीं, त्यांनींहि हळहळण्याचें कारण नाहीं. आपल्या घरापासून हांकेच्या अंतरावर अशी एखादी गल्ली असतेच, जिच्यांत आपण आजवर कधीं शिरलों नाहीं. येत्या रविवारीं सकाळीं, पिशवी न घेतां आणि घड्याळ न पाहतां, त्या गल्लींतून एकदां चालून यावें. तेथला जिना कोण झाडतो, एवढें विचारून यावें.